गाळलेल्या जागांतला देव

दहावीच्या परीक्षेला जेमतेम महिना उरला होता. रविवारची मिस्सा झाली, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला, मुले पांगली आणि एक मुलगी मात्र दाराशी घुटमळत उभी राहिली. "काय ग बाळ, काय हवे?" असे आम्ही विचारताच तिने खाली मान घालून विचारले, "फादर, उत्क्रांतीचे उत्तर लिहिले तर पाप लागते का?"

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकातील पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे. तिच्या नातेवाइकांच्या मोबाइलवरील गटात कोणीतरी एक चित्रफीत धाडली होती. हा धडा देवाला नाकारणारा आहे, ख्रिस्ती मुलांनी तो मनाला शिवू देऊ नये, असा तिचा मथितार्थ. मुलगी हुशार, तितकीच श्रद्धाळू. तिने तो धडा ऑप्शनला टाकण्याचे जवळजवळ ठरविले होते. गुण गेले तरी चालतील, देव जाता कामा नये, असा तिचा हिशेब होता.

त्या प्रश्नाने आम्ही खजील झालो. चित्रफीत आम्ही बनविली नव्हती. परंतु तसले बी पेरणाऱ्यांत आमचाही हात होता. काही वर्षांपूर्वी एका प्रवचनात आम्ही घड्याळाचा दाखला दिला होता. माळरानावर घड्याळ सापडले तर ते आपोआप झाले असे कोण म्हणेल? मग घड्याळाहून शतपटीने गुंतागुंतीचा असा मनुष्याचा डोळा आपोआप कसा झाला? दाखला आमचा नव्हे. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने तो १८०२ साली आपल्या ग्रंथात मांडला. प्रवचन लोकांना आवडले. "फादर, आज डार्विनची चांगली जिरवलीत," असे एक गृहस्थ बाहेर आल्यावर म्हणाले आणि आम्ही सुखावलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसाने वाहवेसाठी सोपी वाट धरली होती. म्हणून प्रस्तुत लेखातील भांडण आम्ही प्रथम स्वतःशी मांडीत आहोत आणि मगच वाचकांशी.

आमच्या सातमाळ्याच्या डोंगरापलीकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जानेवारी २०१८ मध्ये एक वैदिक संमेलन भरले होते. त्या वेळी केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितलेले नाही, तेव्हा अभ्यासक्रमातच बदल व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढले. खुद्द त्यांचे ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्यास त्यांना बजावले. पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नुसते 'आनुवंशिकता' झाले. सुमारे १८०० शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्धच्या पत्रावर सह्या केल्या. आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो धडा राहिला, हे आमच्या मुलांचे भाग्य. परंतु मौज अशी की, एरवी वैदिक संमेलनाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या आमच्यातील काही बंधूंनी मंत्रिमहोदयांच्या त्या विधानावर मात्र आनंदाने माना डोलावल्या!

'कोणी पाहिले?' हा प्रश्न निदान खानदेशात तरी विचारू नये. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. एका जिवाणूचा जनुक कपाशीत घातल्यामुळे बोंडअळीला मारक असे प्रथिन झाडातच तयार होऊ लागले. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. आरंभी अळ्या पटापट मेल्या. परंतु कोट्यवधी अळ्यांत मोजक्या अशाही होत्या की, ज्यांना त्या प्रथिनाची बाधा होत नव्हती. बाकीच्या मेल्या, या जगल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीची जी दैना झाली ती जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने लावावी, तेथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा संकर प्रतिकारक अळ्यांच्या पिढीशी व्हावा आणि प्रतिकारशक्ती पसरू नये, हा त्यामागील हेतू. ती युक्तीच मुळी उत्क्रांतीचे गणित मांडून काढलेली होती. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पुडी बांधावर फेकून दिली, वर फरदड घेत राहिलो आणि निसर्गाची निवड आपले काम करीत राहिली. डार्विनचे नावही न ऐकलेल्या माणसाने डोमकळ्या मोजता मोजता उत्क्रांती पाहिली आहे आणि तिची किंमत कर्जाच्या रूपाने मोजली आहे.

यावर प्रत्युत्तर ठरलेले आहे : 'अळी अळीच राहिली, तिचा बेडूक तर झाला नाही!' खरे आहे. पंधरा-वीस वर्षांत तेवढेच होते. मोठ्या बदलांना लक्षावधी वर्षे लागतात आणि त्यांचा पुरावा निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो. आजच्या माकडाचा माणूस झाला असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणत नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच त्याचे म्हणणे. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, तर चिंपांझी, गोरिला यांच्यात २४. पूर्वज एक, तर एक जोडी गेली कोठे? ती गेलेली नाही. मनुष्याचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले असता त्यात दोन गुणसूत्रे टोकाला टोक लावून जोडल्याची खूण आढळते. एरवी केवळ टोकाशी असणारी रचना तेथे मधोमध सापडते. दोन वह्या एकत्र शिवाव्यात आणि मधले पुठ्ठे तसेच राहून जावेत, तसे हे आहे. असा पुरावा समोर असता तो पाहायचा नाही, याला आम्ही श्रद्धा म्हणणार नाही.

आणि ख्रिस्तसभेने असे डोळे मिटून घेण्यास सांगितले आहे काय? मुळीच नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० साली 'ह्युमानी जेनेरिस' या विश्वपत्रात मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन आणि चर्चा करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट परमेश्वराने निर्माण केलेला आहे, ही शिकवण त्यांनी अबाधित ठेवली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीस संदेश पाठविला. उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ एक कल्पना राहिलेला नाही, हे त्यांनी मान्य केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली त्याच अकादमीपुढे सांगितले की, देवाला जादूची कांडी फिरविणारा जादूगार समजू नये. संत ऑगस्टीन यांनी तर पाचव्या शतकाच्या आरंभीच, उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना, ख्रिस्ती माणसाने आकाश-पृथ्वीविषयी अज्ञानाने बोलून शास्त्राचे हसे करून घेऊ नये, असा इशारा दिला होता. शिवाय आमच्या त्या मुलीच्या धड्याच्या नावातील पहिला शब्द आनुवंशिकता. त्या शास्त्राचा पाया १८६० च्या दशकात वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून ज्याने घातला, तो ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरूच होता. म्हणजे तो धडा ऑप्शनला टाकणे हे घरच्याच माणसाला दाराबाहेर उभे करण्यासारखे झाले.

परंतु डार्विनला विरोध करणारे सगळेच भाबडे नसतात. 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणजे बुद्धिमान रचना या नावाने जो पक्ष अमेरिकेत उभा राहिला, त्याचे एक प्रमुख प्रवक्ते मायकल बीही हे जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत आणि कॅथलिकही आहेत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी जिवाणूच्या शेपटीचे उदाहरण घेतले. तिचा एक भाग काढला तरी ती निकामी होते, तेव्हा ती टप्प्याटप्प्याने झालेली नसून कोणा बुद्धिमान कर्त्याने एकदम रचलेली असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर या गावच्या शाळा मंडळाने हा विचार विज्ञानाच्या तासाला आणला, पालक न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जोन्स यांनी हे विज्ञान नव्हे असा निकाल दिला. त्या खटल्यात पालकांच्या बाजूने पहिली साक्ष देणारे केनेथ मिलर हेही जीवशास्त्रज्ञ आणि कॅथलिकच. शेपटीतील काही प्रथिने अन्य जिवाणूंत दुसऱ्याच कामाला येतात, तेव्हा भाग काढला की सारे निकामी, हे खरे नाही, असे त्यांनी दाखविले. वरील गुणसूत्राचा पुरावाही त्यांनी तेथे मांडला होता.

न्यायालयाचा निकाल बाजूला ठेवू. आमची खरी तक्रार ईशज्ञानाची आहे. 'हे विज्ञानाला समजत नाही, तेव्हा येथे देव आहे' असे म्हणणाराने देवाला कोठे बसविले? परीक्षेत 'गाळलेल्या जागा भरा' असा प्रश्न असतो, तशा विज्ञानाच्या पुस्तकातील गाळलेल्या जागांत. उद्या एखाद्या संशोधकाने ती जागा भरली की देवाने उठायचे आणि पुढच्या रिकाम्या जागेत जाऊन बसायचे! हा तर भाड्याच्या खोलीतला देव झाला, घरमालकाने सांगताच बिऱ्हाड हलविणारा. संत थॉमस अक्वायनस यांचा देव असा नव्हे. तो आद्य कारण आहे. त्याने सृष्टीला केवळ अस्तित्वच दिले नाही, तर स्वतः कारण होण्याचे सामर्थ्यही दिले. जे समजले त्यातही तो आहे आणि जे समजलेले नाही त्यातही आहे. घड्याळजी घड्याळ करून बाजूला होतो. परमेश्वर मात्र सृष्टीला क्षणोक्षणी अस्तित्वात धरून असतो. पेलीच्या दाखल्याने आम्ही देवाचे रक्षण करीत नव्हतो. त्याला कारागिराच्या पंक्तीत बसवून आम्ही त्याला लहानच करीत होतो.

"मग फादर, आत्म्याचे काय?" असे विचारले जाईल. तेथेही आम्ही रिकामी जागा शोधणार नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. तेथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे कवच सापडले. एके काळी या भागात शहामृग होते! त्या कवचाच्या एका तुकड्यावर माणसाच्या हाताने कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघांची नक्षी आहे. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. पोट भरण्यास ती नक्षी नको होती. तरी कोणीतरी बसून कोरली. हे पाहून मन भरून येते. तथापि 'बघा, आत्मा सापडला' असे आम्ही म्हणणार नाही. आत्मा ही उत्खननात सापडणारी वस्तू नव्हे. जो कोरीत होता त्या अख्ख्या माणसाला देवाने नाव घेऊन हाक मारली होती, हे आम्ही मानतो ते श्रद्धेने, कवचाच्या पुराव्याने नव्हे.

त्याच पाटणे गावाची दुसरीही एक ख्याती आहे आणि ती आम्हांला वादाच्या दुसऱ्या अंगाकडे नेते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. त्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे गणित म्हणजे नियमांची मांडणी. नियम बरोबर लावला की उत्तर बरोबर येते, मग लावणारा कोणीही असो. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ही त्याच कुळातील फार लांबची संतती. 'ह्युमानी जेनेरिस' ज्या १९५० साली निघाले, त्याच साली अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न एका निबंधात विचारला होता.

आता तो प्रश्न आमच्या वेदीपर्यंत आला आहे. अलीकडेच एका तरुणाने आपल्या आजीच्या अंत्यविधीच्या मिस्सेत म्हणावयाच्या प्रार्थना लिहून आणल्या. भाषा गुळगुळीत, शब्द भारदस्त. आजीची माया, तिचे कष्ट, तिचे हास्य, सारे काही होते. फक्त आजी नव्हती. आम्ही विचारले तेव्हा त्याने मोबाइल दाखविला. यंत्राने लिहिले होते. ही यंत्रे कशी चालतात? अफाट मजकूर त्यांच्यापुढे घातलेला असतो. कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे गणित त्यांत बसविलेले असते आणि त्यानुसार शब्दापुढे शब्द मांडला जातो. जगातील सगळ्या आज्यांची सरासरी त्या कागदावर उतरली होती. आम्ही त्याला म्हटले, "बाबा, तिची एकच गोष्ट सांग." तो थांबला आणि म्हणाला, "शाळेची फी भरायची म्हणून ती वेचणीला जायची आणि संध्याकाळी माझ्याकडून बोटांतली कुसळे काढून घ्यायची." तेवढीच प्रार्थना आम्ही म्हटली.

हे ऐकून आमचे लोक निश्चिंत होतात. 'म्हणजे यंत्राला हे जमत नाही!' म्हणतात. वाचकहो, येथेच सावध व्हा. बुद्धिबळात माणसाला कोण हरविणार, असे म्हणत होते. १९९७ साली डीप ब्लू या यंत्राने कास्पारोव्हला हरविले. 'गो'चा पट फार अवघड, म्हणाले. २०१६ साली तोही गड पडला. भाषा ही तर माणसाचीच, म्हणाले. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता कोणी म्हणते, त्याला आपली अहिराणी कोठे येते? आज येत नसेल, उद्या येईल. उद्या ते कुसळांची गोष्टही बेमालूम रचील. मग काय आजी लहान झाली? ज्या चुकीने आम्ही देवाला गाळलेल्या जागांत कोंडले, तीच चूक आता माणसाच्या बाबतीत करीत आहोत. यंत्राला जे जमत नाही ते म्हणजे माणूस, अशी व्याख्या केली की प्रत्येक नव्या यंत्राबरोबर माणूस थोडाथोडा मरणार.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध माउली अंथरुणाला खिळून आहे. तिला आपल्या मुलाचे नाव आठवत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिच्याकडे पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन जातो. कधी ती क्रुसाची खूण करते, कधी नुसती छताकडे पाहत राहते. हिशेब, भाषा, स्मरण या साऱ्यांत खिशातला मोबाइल तिच्या कितीतरी पुढे आहे. बुद्धी म्हणजे कौशल्य आणि माणसाची किंमत म्हणजे त्याची बुद्धी, असे मानणाऱ्यांनी त्या खाटेजवळ उभे राहून आपले तत्त्वज्ञान बोलून दाखवावे. माणूस देवाची प्रतिमा आहे तो काही करून दाखवितो म्हणून नव्हे. देवाने त्याच्यावर प्रीती केली आणि त्याला जबाबदार धरले म्हणून आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव काइनला त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारतो. तो प्रश्न काइनच्या हातातील हत्याराला विचारलेला नाही. आमच्या मते कृत्रिम बुद्धिमत्तेची मर्यादा येथे आहे. ती तिच्या कुशलतेत शोधू नये. ते यंत्र कितीही शहाणे होवो, भावाविषयी जाब आपल्यालाच द्यावा लागेल. यंत्राने सांगितले म्हणून कर्ज नाकारले, यंत्राने सांगितले म्हणून कामावरून काढले, ही सबब त्या न्यायासनापुढे चालणार नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने 'अँटिका एट नोव्हा' या नावाने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हेच सूत्र आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हे मानवी बुद्धीचे दुसरे रूप नसून तिने घडविलेली वस्तू आहे, असे ते बजावते. पोप चौदावे लिओ यांनी मे २०२५ मध्ये निवड होताच आपल्या नावाचे कारण सांगताना १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम'ची आठवण दिली. तेव्हा गिरण्यांच्या युगात श्रमिकाची प्रतिष्ठा पणाला लागली होती, आता या नव्या यंत्रयुगात लागली आहे, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. धर्मशिक्षण देणाऱ्या बंधुभगिनींनी उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकविताना विज्ञानाच्या पुस्तकाशी त्याचे भांडण लावू नये. पालकांनी मोबाइलवर आलेली प्रत्येक चित्रफीत पुढे धाडण्याआधी ख्रिस्तसभा काय शिकविते ते आपल्या धर्मगुरूंना विचारावे. आणि आम्हां धर्मगुरूंनी शनिवारी रात्री थकून भागून यंत्राकडून प्रवचन लिहून घेण्याचा मोह टाळावा. ते प्रवचन वाईट होईल म्हणून नव्हे. कदाचित आमच्याहून सरस होईल. पण त्यासाठी लोकांच्या दुःखाला उत्तरदायी कोणी राहणार नाही.

त्या दिवशी त्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले नाही. एवढेच म्हटले, "बाळ, नीट अभ्यास कर आणि पूर्ण उत्तर लिही. खरे लिहिल्याने पाप लागत नाही. चूक आमची होती." तिने मान वर केली आणि विचारले, "मग फादर, आकृती पण काढू?" "काढ," आम्ही म्हणालो. पुढच्याच रविवारी प्रवचनात आम्ही आपले ते घड्याळ सर्वांदेखत परत घेतले. ते गृहस्थ मिस्सेनंतर काही बोलले नाहीत. अजूनही रागावलेले असावेत. हा लेख त्यांच्या हाती पडला तर त्यांनी चहाला यावे. वाद पुढे चालू ठेवण्यास आमची तयारी आहे.